टाळी वाजेपर्यंत

गुऱ्हाळाचा वास आला की लोकांना काकवी आठवते, मला राग येतो. मार्गशीर्ष लागला, सकाळी स्वेटर शोधावा इतकी थंडी पडली आणि नदीकडच्या शिवारातून तो गोड, किंचित करपलेला वास पेठेपर्यंत आला, की माझं बिनसतं. घरातले आता ओळखून आहेत. यंदा वासाच्या पाठोपाठ एक पत्रही आलं. आमच्या मल्लखांबाच्या सरांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, गौरव अंक काढायचाय, आपण सरांच्या आवडत्या विद्यार्थिनी, तेव्हा 'हात सोडला आणि पोरगी उडाली' हा प्रसिद्ध प्रसंग आपल्या ओघवत्या शैलीत लिहून द्यावा. त्या प्रसंगाचा फोटो आपल्याकडे असल्यास उत्तम.

ओघवत्या शैलीत! मी ते पत्र फ्रिजवर ठेवलं आणि दोन दिवस तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले. 'थंडीचे दिवस होते' इथवर लिहून झालं, पुढं पेन हलेना.

थंडीचे दिवस होतेच. मी सातवीत होते. आमची तालीम पेठेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली. एका बाजूला मुलांचा कुस्तीचा हौदा, त्या तांबड्या मातीला ताक-लिंबाचा आंबूस वास. दुसऱ्या बाजूला तुळईला टांगलेला आमचा दोर, मुलींचा मल्लखांब म्हणजे हा दोर. सकाळी सहाला तो बर्फासारखा गार असायचा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो धरायचा आणि वर सरकायचं. पहिले काही महिने त्या बेचक्यातलं कातडं सोलून निघायचं, मांड्यांवर वळ उठायचे. आई खोबरेल लावता लावता म्हणायची, कुणी सांगितलंय हे? सांगितलं कुणीच नव्हतं. आवडायचं. कमरेला वेढा घालून उलटं लोंबकळलं की खिडकीतून रस्ता उलटा दिसायचा. उसाच्या गाड्या, मागून कांडकी ओढणारी पोरं, त्यांना आईबापावरून शिव्या देणारा गाडीवान, सगळं छताला चिकटून चाललेलं. त्या दोरावर मला जितकं मोकळं वाटलं तितकं नंतर कुठं वाटलं नाही. त्याचाच जास्त राग येतो, कारण ती जागा वाईट असती तर विसरून तरी जाता आलं असतं.

रेखा माझ्या वर्गातली. हुपरीची, पण कोल्हापुरात आत्याकडे शिकायला होती. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं गावी जायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायची. तिच्या घरी पैंजणाच्या कड्या जोडायचं काम चाले. आई, थोरली बहीण, ही, सगळ्या जणी चिमटे घेऊन बसायच्या. त्या बारीक कड्या जोडून जोडून तिच्या बोटांत अशी ताकद आली होती की दोरावर तिची पकड सुटलेली मी कधी बघितली नाही. आमच्यात सगळ्यांत चांगली तीच होती. हे मी आता मोठेपणानं म्हणत नाही, तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं आणि मला ते जरा झोंबायचं.

सरांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, हेही लिहायला हवं. शेजारच्या हौद्यात वस्तादांचा वेत सटासट चालायचा. आमचे सर मात्र खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि सराव संपला की प्रत्येकीच्या ओंजळीत घालायचे. मुलींना मल्लखांब कशाला, असं म्हणणाऱ्या पालकांशी ते घरोघर जाऊन भांडलेत. माझ्या वडिलांशीही. म्हणून तर सरांविषयी वाकडं बोललं की लोक माझ्याकडे कृतघ्न म्हणून बघतात. बघोत.

त्यांची एक पद्धत होती, ती सांगते. मुलगी उलटी लोंबकळत असायची. सर लाकडी तिवईवर उभे राहून तिच्या कमरेमागं तळहात धरायचे आणि म्हणायचे, "हाय हात. सोड तू." मुलगी दोरावरचे दोन्ही हात सोडायची. कमरेचा वेढा इतका करकचून बसलेला असायचा की मागं हात आहे की नाही हे अंगाला कळायचंच नाही, सरांच्या शब्दावरच सगळं. मग सर आम्हा खालच्या मुलींकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे आणि हात हळूच काढून घ्यायचे. आम्ही तोंड दाबून हसायचो. सर मनातल्या मनात दहा मोजायचे, मग दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवायचे आणि आम्ही टाळ्या पिटायचो. टाळी वाजली की वरच्या मुलीला समजायचं, एवढा वेळ मागं कुणीच नव्हतं. "बघ, एकटीनं केलंस की," सर म्हणायचे. काही जणी खुदकन हसायच्या. काही खाली उतरून गप्प बसायच्या. त्यांना आम्ही 'भित्री भागूबाई' म्हणायचो.

आणि मधेच कुणी 'बास' म्हणालं, तर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. "बास म्हणायचं ते पंगतीत. दोरावर न्हाय." सगळी तालीम हसायची. वाक्य चांगलंच होतं. इतकं चांगलं की त्यापुढं कुणाला काही बोलताच यायचं नाही.

रेखाची पाळी आली तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, सर, काढायचा तर काढा, पण काढताना सांगा. सांगितलं तर मी करतो. बारा वर्षांच्या मुलीनं इतकं सरळ मागणं केलेलं मी तालमीत त्याआधी ऐकलं नव्हतं. सर हसले. म्हणाले, सांगितल्यावर मग भीती कशी मोडायची? आणि त्यांनी ती गोष्ट हौद्यातल्या वस्तादांना सांगितली, पालकांना सांगितली, आठवडाभर ज्याला त्याला सांगितली. एवढी दोरावरची वाघीण, आणि हात काढताना सांगा म्हणती!

सांगा का म्हणत होती, ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. गारगोटीकडं तिचं आजोळ. तिथं मामानं तिला पोहायला शिकवलं, आमच्याकडं शिकवतात तसंच. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर आणि विहिरीत ढकलायचं. काठावर पाचपंचवीस माणसं. मामा ओरडत होता, धरलाय, धरलाय, हात मार. ती हात मारत राहिली आणि मामानं दोर कधीच सोडून दिला होता. डबा सुटला. ती दोनदा खाली गेली. वर आली तेव्हा काठावरची माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. पोहायला आलं तिला, हेही खरंच. पाणी प्यायल्याचं काही वाटलं न्हाय, ती म्हणाली होती. धरलाय म्हणत होता त्याचं वाटलं.

म्हणून आम्ही दोघींनी आपापसात ठरवून टाकलं. मी समोर उभी राहायचं. ती उलटी असली तरी तिला माझं तोंड दिसणार. हात आहे तोवर मी मान हलवत राहायचं. हात निघाला की थांबायचं. बस्स, एवढंच. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात तालमीत पाहुणे आले. फेटे, हार, पेपरचा फोटोग्राफर. सरांनी रेखाला वर चढवलं. तिनं वेढा घेतला, डोकं खाली आलं, तिचे डोळे माझ्यावर लागले. सर म्हणाले, हाय हात. मी मान हलवली. तिनं हात सोडले. मग सरांनी माझ्याकडे, नेमकं माझ्याकडेच बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्यांचा हात निघाला. मी मान हलवत राहिले.

किती वेळ, सांगता येत नाही. पाहुणे बघत होते, सर बघत होते, मी बारा वर्षांची होते, ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीत की आता ती गुळगुळीत झालीत. आमच्या दोघींच्या मधे चार हातांचं अंतर होतं. एक मान थांबवायची होती. मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात माझीही टाळी होती.

ती पडली नाही. हाच सगळ्यांत मोठा घोळ आहे. पडली असती, हात मोडला असता, तर पेठ जमा झाली असती, सरांना कुणी जाब विचारला असता. पण तिनं ते इतकं सुरेख केलं की पाहुण्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवून तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं फेटा काढून तिवईवर नीट ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली. गूळ-शेंगदाण्यालाही थांबली नाही. सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही. सरांनी निरोप धाडला, तर आत्या म्हणाली, नको म्हणती. शाळेत तिनं बाक बदलला. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो आणि बोललो नाही.

सरांनी मात्र गोष्ट पूर्ण केली. हात सोडला आणि पोरगी उडाली! आणि मग मान डोलावून पुढचं: काय करणार, पोरीची जात, घरच्यांनी बंद केलं. घरच्यांनी! तिच्या वडिलांनी तर तिनं पुन्हा जावं म्हणून महिनाभर समजूत घातली होती. पण आपल्याकडे मुलगी कुठूनही निघून गेली की घरच्यांच्या नावावर खपवता येतं. शिकवणाऱ्याला स्वतःकडे बघावं लागत नाही.

भीती मोडायची म्हणतात. भीती म्हणजे काय नखं खायची सवय आहे? दोरावर असताना भीतीच सांगते की वेढा नीट बसलेला नाही, घामानं पकड सैल झालीय. जिची भीती मोडली ती मुलगी धीट होत नाही, तिला आतून येणारी हाक ऐकू येईनाशी होते. आणि जिची मोडत नाही ती घरी जाते. दोन्हीकडून शिकवणारा जिंकतो, कारण राहिलेल्या मुली तो दाखवतो आणि गेलेल्या कुणी मोजत नाही.

हे शहाणपण मला तेव्हा होतं असं समजू नका. मी दोर सोडला नाही, चार पदकं मिळवली, पुढं शिकवायला लागले. आणि पहिल्याच वर्षी माझंही बोट ओठांवर गेलं! कुणी शिकवावं लागलं नाही. वर टांगलेल्या मुलीच्या कमरेमागून मी हात काढला, खालच्या मुली तोंड दाबून हसल्या, टाळी वाजली. त्या मुलीला खाली घेतलं तेव्हा तिचे खांदे लाकडासारखे झाले होते. मी म्हणाले, बघ, एकटीनं केलंस की. शब्द न् शब्द तोच. ते माझ्याच कानांनी ऐकलं, तरी मी पुढची तीन-चार वर्षं तेच करत राहिले, कारण दुसरं काही येतच नव्हतं.

मग एक शिबिर झालं. मल्लखांब, जिम्नॅस्टिक, नाच शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी. पुण्याहून मानसशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. त्या सांगत होत्या की अंगाला हात लावण्याआधी मुलाला विचारा, आधार काढण्याआधी सांगा, थांब म्हणालं की थांबा. कुठल्या मुलाच्या अंगात कसली आठवण बसलीय ते आपल्याला दिसत नसतं. मागच्या रांगेत खसखस पिकली. एक जण उठून म्हणाले, "म्हंजे आता पोरांस्नी अर्ज करायचा व्हय, हात लावू का म्हणून?" हॉल हसला. मीही हसले. हसायची सवय जुनी होती.

तेव्हा दुसऱ्या पाहुण्या उठल्या. सत्तरीच्या बाई, मिरजेकडच्या, जन्म सर्कशीत झुल्यावर गेलेला. नऊवारी, चष्म्याला दोरी. त्यांनी माईकसुद्धा घेतला नाही.

"आमच्या सर्कशीत मार होता, उपास होते, सगळं होतं," त्या म्हणाल्या. "पण झुल्यावर झेलणारा आधी हाक देतो. हाक आल्याबिगर कुणी हात सोडत न्हाय, आन् हाक दिल्यावर कुणी हात मागं घेत न्हाय. तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्यात हाक न्हाय?"

सर्कस म्हटलं की आम्ही नाकं मुरडणार, आमची ती विद्या आणि त्यांचे ते खेळ. आणि त्या तंबूतला साधा रिवाज आमच्या विद्येत नव्हता. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, हुपरीच्या गाडीत बसले.

रेखाचं लग्न गावातच झालेलं. घर शोधायला वेळ लागला नाही. दारात पाऊल ठेवलं तर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली चटईवर पैंजणांचा ढीग, आणि तीच बोटं. ओळखलं तिनं लगेच. पाणी दिलं, चहा टाकला, जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. कोल्हापूरच्या बाया बोलतात तशी ती अजून 'मी जातो, मी येतो' असंच बोलते. मी जे बोलायला आले होते ते बोलले. मान हलवत राहिले, म्हणाले. ती कड्या जोडत होती.

"पडलो असतो तर बरं झालं असतं, सुमे," ती म्हणाली. "सगळ्यास्नी दिसलं असतं. न पडल्यामुळं मलाच खोटं पडल्यासारखं झालं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. परत निघाले तेव्हा तिनं एसटी स्टँडपर्यंत सोबत केली, आणि त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले.

त्या वर्षापासून माझ्या वर्गात 'बास' चालतो. पंगतीत चालतो तसाच दोरावर. काढू का विचारते, काढतेय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी पालक कुरकुरले, पोरी लाडावतील म्हणे. पोरी लाडावल्या नाहीत. वेळ जास्त लागतो, एवढं मात्र खरं.

तर ते पत्र. मी ते फ्रिजवरून काढलं, पेपरच्या फोटोग्राफरनं तेव्हा काढलेला फोटो घेतला आणि रेखाकडे गेले. तिचं नाव आणि तिचा फोटो, तिला विचारल्याशिवाय कसा देणार? फोटोत ती उलटी आहे, हात पसरलेले, दात दिसतायत. लोक त्याला हसू म्हणतात. मागं सर, आणि तिच्या कमरेपासून वीतभर अंतरावर त्यांचा हवेतला तळहात. कडेला फ्रॉकातली मी, मान किंचित खाली झुकलेली. रेखानं फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, नको म्हणेल.

"छापू दे की," ती म्हणाली. "हात किती लांब हाय ते दिसतंय त्यात. फक्त खाली खरं लिही."

मी खरं लिहिलं. मामाची विहीर तिला विचारून लिहिली, माझी मान न विचारता लिहिली. गूळ-शेंगदाणेही लिहिले, पालकांशी सर भांडले तेही लिहिलं. मजकूर आणि फोटो पाठवला, तर चार दिवसांनी गौरव समितीचा फोन आला. फोटो झकास आहे म्हणाले. मजकूर जरा सौम्य करता का, वयाचा मान आहे, आणि तसं बघितलं तर मुलीला झालं काय? पडली तर नव्हती. मी म्हणाले, मजकूर परत द्या आणि फोटोही. फोटो प्रेसमध्ये सेटिंगला गेलाय म्हणाले. खाली ओळ काय टाकलीय, विचारलं तर तीच: हात सोडला आणि पोरगी उडाली. तालमीच्या अंकात तुम्ही तो फोटो बघाल, तेव्हा वीतभर अंतर तेवढं बघा. बाकीचं ते छापणार नाहीत, म्हणून इथं लिहितेय.

परवाच्या रविवारी रेखा कोल्हापूरला माझ्या वर्गावर आली. सोबत तिची सात वर्षांची मुलगी, बोटं आईची. मी काही सुचवलं नव्हतं. मुलीनंच कुठंतरी दोर बघितला होता आणि हट्ट धरला होता. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, आता ट्रॅक्टरच्या. वास तोच. मुलगी चपला काढून दोराकडं पळाली. रेखा मात्र दाराशीच थांबली, पंचवीस वर्षांपूर्वी जिथं चपला घातल्या होत्या तशाच एका उंबऱ्याशी. तिच्या हातात मुलीचा स्वेटर होता, त्याची ती घडी घालत होती आणि मोडत होती.

"तू काढताना सांगतीस न्हवं?" तिनं विचारलं.

सांगते, म्हणाले. दर वेळी.

तिनं मान हलवली. मग आत आली, दोराच्या बरोबर समोर, जिथून वरच्या मुलीला तोंड दिसतं तिथं उभी राहिली.

"मग मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "मलाबी ऐकू आलं पायजे."